स्वसंरक्षणाची विद्या कशी निवडावी?



गेल्या पौर्णिमेला विहारात वंदना झाली, खीरदान झाले आणि मंडळी पांगू लागली, तेव्हा एक भगिनी आमच्याजवळ येऊन थांबल्या. चार घरची धुणीभांडी करून संसार ओढणारी ही माउली. हातात दोन जाहिरातींचे कागद. एक कराटेच्या वर्गाचा आणि दुसरा कसल्याशा परदेशी नावाच्या तीन दिवसांच्या शिबिराचा. म्हणाल्या, "भाऊ, पोरगी अकरावीला आहे. क्लासवरून यायला रात्रीचे साडेआठ होतात. पुलाखालच्या अंधारात दोनदा पोरांनी तिची वाट अडवली. तिचे वडील म्हणतात, कॉलेज बंद करा, स्थळ बघा. पोरगी म्हणते, मला कराटेला घाला. आता तुम्हीच सांगा, यातलं कुठलं बरं?"

आम्ही त्यांना लगेच उत्तर दिले नाही. चार घरची धुणी करून जमवलेला पैसा कुठल्या वर्गात घालायचा, एवढीच ती बाब नव्हती. त्या दोन कागदांच्या आड एका मुलीचे शिक्षण पणाला लागले होते. म्हणून गेल्या महिन्यात आम्ही तीन-चार वर्ग डोळ्यांनी पाहिले, एका तालमीतल्या वस्तादांशी आणि एका वकील बंधूंशी बोललो, थोडे वाचनही केले. जे हाती लागले ते सर्व वाचकांपुढे ठेवत आहोत. कारण हा प्रश्न एका घराचा नाही.

पंचशील घेतलेल्यांनी हात उचलावा काय?

पुष्कळ उपासक-उपासिका ही शंका विचारतात. रोज प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचे शील घ्यायचे आणि मुलांना ठोसे शिकवायचे, हे कसे? याचे उत्तर बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात दिले आहे. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत त्यांनी फरक केला आहे. हौसेने, रागाने, सूडाने केलेली हिंसा वेगळी आणि दुसरा मार्ग उरला नाही म्हणून केलेला प्रतिकार वेगळा. धम्माने आम्हांला मुकाट मार खायला शिकवलेले नाही.

आपल्या चळवळीचा इतिहासही हेच सांगतो. महात्मा जोतीराव फुले तरुणपणी पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत लाठी, दांडपट्टा शिकले. पुढे त्यांनी शाळा काढल्या. तालमीत कमावलेले धैर्य त्यांना शाळा चालवताना उपयोगी पडले असेल, असे आम्हांस वाटते. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावर, आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि परतीच्या वाटेवरच्या आपल्या माणसांवर जमाव तुटून पडला. आपल्यांत तेव्हा पलटणीतून आलेले तगडे जवान होते. बदला घ्यायला त्यांचे हात शिवशिवत होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. पुढे हल्लेखोरांपैकी काहींना न्यायालयाने शिक्षा ठोठावली. त्याच लढ्याच्या काळात उभ्या राहिलेल्या समता सैनिक दलाने पुढे शिस्तीने सभांचे रक्षण केले. ताकद असावी, ती शिस्तीत असावी आणि ती कधी वापरायची हे डोक्याने ठरवावे, असा हा धडा आहे.

आधी धोका ओळखा

लोक आधी वर्ग शोधतात आणि धोका कसला आहे याचा विचार मागाहून करतात. खरे तर क्रम उलटा हवा. आमच्या घरांपुढे तीन प्रकारचे प्रसंग येतात.

पहिला प्रसंग रस्त्यावरचा, लोकलमधला, बसमधला. अनोळखी माणूस अंगचटीला येतो, मनगट धरतो, पर्स ओढतो. इथे मोठा आवाज, चपळ पाय आणि एक-दोन घट्ट सवयीचे डाव पुरतात.

दुसरा प्रसंग ओळखीच्या माणसाचा. हे लिहिताना जड जाते, पण लिहिले पाहिजे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षानुवर्षे एकच सांगतात, की बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांपैकी १०० पैकी ९० हून अधिक प्रकरणांत आरोपी त्या बाईच्या ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, लग्नाचे वचन देणारा, कामावरचा माणूस. पुलाखालच्या अंधाराची आम्ही जेवढी धास्ती घेतो तेवढी घरी येणाऱ्या 'काका'ची घेत नाही. इथे लाथ मारता येण्याआधी मुलीला 'नाही' म्हणता आले पाहिजे. आणि तिने घरी येऊन सांगितले, तर आईबापांनी तिच्यावर विश्वास ठेवला पाहिजे.

तिसरा प्रसंग जमावाचा. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांना ज्या तऱ्हेने मारले गेले, ते कोणी विसरू शकत नाही. जमावापुढे कुठलाही काळा पट्टा चालत नाही, हे मुलांना स्पष्ट सांगावे. तिथे वेळीच निसटणे, आधीपासून बांधलेली संघटना, पोलिसांकडे दिलेली लेखी तक्रार आणि कायदा, एवढीच साधने आहेत. एकट्याने पाच जणांना लोळवणे सिनेमात होते.

कोणत्या विद्येत काय मिळते?

कराटे. ओकिनावा बेटांवरची ही विद्या. गिचिन फुनाकोशी या शिक्षकांनी १९२२ मध्ये ती जपानच्या मुख्य भूमीवर नेली. आपल्याकडे गल्लोगल्ली वर्ग आहेत, म्हणून सोयीची. ठोसा, लाथ, अडवणे आणि अंगाला शिस्त मिळते. पण कित्येक वर्गांत वर्षभर हवेत ठोसे मारणे आणि ठरावीक हालचालींचा 'काता' घोकणे एवढेच चालते. समोर खरा माणूस आला की ते आठवत नाही. जिथे जोडीने सामना खेळवतात तोच वर्ग निवडावा.

तायक्वांदो. कोरियाची विद्या, पायांवर भर. मुले चपळ होतात, लवचीक होतात, शाळा-कॉलेजच्या स्पर्धा मिळतात. पण गर्दीच्या डब्यात किंवा जिन्यात उंच लाथ मारायला जागा नसते, आणि साडी किंवा घट्ट कपडे असले तर मुळीच नाही.

जूदो. जिगोरो कानो या शिक्षकांनी १८८२ मध्ये टोकियोत ही विद्या शिकवायला सुरुवात केली. जागा कोणती होती? एइशो-जी नावाचे बौद्ध मंदिर. तिथली १२ चटयांची एक खोली. कानोंनी जुन्या जपानी झुंजीतले जीवघेणे डाव मोकळ्या सरावातून बाजूला काढले. त्यामुळे विद्यार्थ्यांना एकमेकांवर पूर्ण जोर लावून सराव करता येऊ लागला. कोणी धरले, मिठी मारली, खाली पाडले तर काय करायचे, हे जूदोत अंगात भिनते. पडावे कसे, हेही पहिल्या महिन्यात शिकवतात. पावसाळ्यात ओल्या फलाटावरून घसरणाऱ्यालाही ते कामाला येते.

कुस्ती. घरची विद्या घरच्यांना स्वस्त वाटते. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. २०१६ मध्ये साक्षी मलिकने मुलींची वाट मोकळी करून दिली. रोज खऱ्या माणसाशी झोंबी असल्याने कुस्तीगीर धरपकडीला घाबरत नाही. मात्र सर्वच तालमींत मुलींना प्रवेश किंवा वेगळी सोय नसते, आणि खुराकाचा खर्च असतो. मॅटवर मुलींना शिकवणारे केंद्र जवळ असेल तर जरूर विचार करावा.

मुष्टियुद्ध. लवकर उपयोगी पडणारी विद्या. ठोसा चुकवणे, अंतर राखणे आणि मार बसला तरी डोके शाबूत ठेवणे ही शिकवण मोलाची. पण डोक्याला वारंवार मार बसणे चांगले नाही. लहान मुलांच्या बाबतीत डोक्यावर हलकाच सराव ठेवणारा शिक्षक हवा.

लाठी आणि दांडपट्टा. आपल्या मातीचा वारसा. विहाराच्या अंगणात शिकवता येतो, खर्च नाही, आणि खांद्यात व मनगटात बळ येते. रस्त्याने कोणी लाठी घेऊन फिरत नाही, हे खरे. पण छत्रीच्या दांड्याला हाच हात उपयोगी पडतो.

कुंग फू. बोधिधम्म भिक्खूंनी चीनमधल्या शाओलिन विहारात ही विद्या सुरू केली, म्हणून ती 'आपली', असे काही वर्गवाले सांगतात. ही कथा फार नंतरची आहे, असे इतिहासकारांचे मत आहे. शाओलिनचे भिक्खू इ.स. ६२१ मध्ये लढाईत उतरल्याची नोंद मात्र जुन्या शिलालेखात आहे. धम्माच्या नावावर वर्ग निवडू नये. शिकवतात काय, ते पाहावे.

क्राव मागा. त्या माउलींच्या हातातला दुसरा कागद याचा होता. हिचा जन्म आम्हांला विचार करायला लावतो. १९३० च्या दशकात युरोपातल्या ब्रातिस्लाव्हा शहरात ज्यू लोकांच्या वस्तीवर गुंडांच्या टोळ्या चालून येत. इमी लिख्तेनफेल्ड हा कुस्ती आणि मुष्टियुद्ध जाणणारा तरुण साथीदार जमवून त्यांच्यापुढे उभा राहिला. आखाड्यातली झुंज आणि रस्त्यावरची मारामारी यांत फरक आहे, हे त्याने तिथे अनुभवले आणि त्यातून सोपे, थेट डाव बांधले. छळल्या गेलेल्या वस्तीत जन्मलेली ही विद्या आहे. पण तीन दिवसांच्या शिबिरात ती अंगी येत नाही. शिबिराने डोळे उघडतात. हात तयार व्हायला महिने लागतात.

मग सर्वांत चांगली कोणती? आमचे उत्तर असे: घरापासून पायी जाता येईल, फी दर महिन्याला परवडेल, जोडीदाराशी खरा सामना खेळवतात आणि मुलगी सहा महिने टिकेल, ती. नावाला फार महत्त्व देऊ नये. वर्षभर नेमाने केलेला जूदो हा महिन्याभरात सोडलेल्या कुठल्याही महागड्या विद्येहून बरा.

वर्ग पाहायला जाल तेव्हा

फी भरण्याआधी एक दिवस नुसते बसून पाहावे. आईबापांना बसू देत नाहीत, तो वर्ग नको. मुले एकमेकांशी झुंजतात की नुसत्या रांगेत उभी राहून हातवारे करतात, ते पाहावे. मुलीला हात लावून डाव दाखवताना शिक्षक कसा वागतो, याकडे नीट लक्ष द्यावे; शिक्षिका असेल तर उत्तम. लागले-खुपले तर काय सोय आहे, ते विचारावे. पट्टा बदलण्याच्या परीक्षेला, पोशाखाला, प्रमाणपत्राला वेगळे किती पडतील, हे आधीच स्पष्ट करून घ्यावे. महिन्याची फी थोडी असते आणि परीक्षांच्या नावाखाली मोठी रक्कम जाते, असे पुष्कळ पालकांनी आम्हांस सांगितले. एका वर्षात काळा पट्टा देतो म्हणणाऱ्याला दुरूनच जयभीम करावा. वर्षाची फी एकदम भरू नये.

वर्गाशिवाय शिकता येईल ते

कॅनडात तीन विद्यापीठांतील ८९३ तरुणींवर एक अभ्यास झाला आणि तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलींना एकूण फक्त १२ तासांचे शिक्षण दिले. धोका आधी कसा ओळखावा, ओळखीच्या माणसाला तोंडावर नकार कसा द्यावा आणि वेळ आलीच तर प्रतिकार कसा करावा. उरलेल्यांना नुसती माहितीपत्रके दिली. वर्षभरानंतर पाहिले तर पत्रके वाचलेल्यांत १०० मागे सुमारे १० जणींवर बलात्कार झाला होता. शिकलेल्यांत तो आकडा ५ वर आला होता. १२ तासांत कोणी पैलवान होत नाही. संकोच मोडला, शंका आली तेव्हाच पाऊल मागे घेतले, आवाज फुटला, याचा मोठा वाटा त्यात असला पाहिजे.

हे आपल्या घरातही शिकवता येईल. मुलीला घरात ओरडायचा सराव द्या. चाळीत हसतील, हसू द्या. आपल्या मुलींना जन्मापासून 'हळू बोल' हेच शिकवलेले असते. अडचणीच्या वेळी घशातून आवाज निघत नाही तो त्यामुळे. कोणी मनगट धरले तर त्याच्या अंगठ्याच्या बाजूने झटका देऊन सोडवावे, कारण पकड तिथे कच्ची असते. भावाबहिणींनी जोडीने हे ५० वेळा करून पाहावे. कोणी पर्स मागितली तर देऊन टाकावी. पर्स पुन्हा घेता येते. सुटका झाली की थांबू नये, उजेडाकडे आणि माणसांकडे पळावे. ११२ हा क्रमांक आणि मुलांसाठी १०९८ हा क्रमांक घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ असावा.

पर्समध्ये चाकू ठेवू नये. आपल्याच हातातून हिसकावून तो आपल्यावर चालतो. मिरचीचा फवारा ठेवायचा तर पर्सच्या तळाशी न ठेवता हाताशी ठेवावा, आणि वाऱ्याची दिशा पाहावी.

आणखी एक गोष्ट. भीतीने अंग गोठून जाते, हातपाय हलत नाहीत, असे पुष्कळांचे होते. शिकलेल्यांचेही होते. त्या मुलीला 'तू ओरडली का नाहीस, तुला शिकवलं होतं ना' असे कधीही म्हणू नये. अंगाने प्रतिकार केला नाही म्हणजे संमती दिली असे होत नाही, हे कायद्यानेही स्पष्ट लिहिलेले आहे. दोष करणाऱ्याचा.

कायदा काय म्हणतो?

आमचे गरीब लोक मारापेक्षा पोलीस केसला जास्त भितात. म्हणून हे नीट वाचावे. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही शरीराचे रक्षण करणे हा हक्क आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती असेल, बलात्काराच्या, पळवून नेण्याच्या किंवा ॲसिड फेकण्याच्या इराद्याने हल्ला झाला असेल, तर प्रतिकारात हल्लेखोराचा जीव गेला तरी कायदा संरक्षण देतो. पण मर्यादा आहे. बचावाला लागेल त्याहून अधिक इजा करायची नाही. तो पळू लागला, धोका संपला, की हक्कही संपला. पाठलाग करून मारले तर गुन्हा आपल्यावर येतो. मुलांना हे डावांइतकेच पक्के शिकवावे.

हल्ला जातीवरून झाला असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. १९९० पासून अनुसूचित जातींतून धम्मात आलेल्या बौद्धांनाही अनुसूचित जातीचे संरक्षण आहे. त्यासाठी जातीच्या दाखल्याची प्रत घरात हाताशी ठेवावी. गुन्हा कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. 'आमच्या हद्दीत नाही' हे उत्तर ऐकून परत फिरू नये. तक्रारीची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्यावी.

मुलग्यांचे काय?

इथवर मुलींबद्दलच बोललो, कारण प्रश्न तसा आला. पण पुलाखाली वाट अडवणारी पोरेही कोणत्या तरी घरातली असतात. कदाचित आपल्याही. मुलग्याला तालमीत घाला, जूदोला घाला, आणि त्याबरोबर तिसरे शीलही शिकवा. तालमीत कमावलेला दंड बहिणीवर किंवा बायकोवर उगारला तर ती विद्या वाया गेली, असे आम्ही मानतो.

आता त्या माउलींविषयी. आम्ही त्यांच्या घरी गेलो, वडिलांशीही बोललो. कॉलेज बंद करणे म्हणजे वाट अडवणाऱ्या पोरांचे काम आपणच पुरे करणे, एवढे म्हणालो. ते गृहस्थ बराच वेळ गप्प बसले. पोरगीच शेवटी म्हणाली, "पप्पा, तुम्ही एकदा पुलापाशी उभे तर राहा." आज ती मुलगी अकरावीला जाते. चाळीतल्या आणखी दोघींना घेऊन आठवड्यातून तीन दिवस जवळच्या शाळेच्या सभागृहातल्या जूदो वर्गाला जाते, महिन्याच्या फीवर. तिघी एकत्र परततात. पहिली पाळी असते त्या आठवड्यात वडील साडेआठला सायकल घेऊन पुलापाशी उभे असतात. त्या पोरांच्या घरी विहारातली चार वडीलधारी माणसे जाऊन आली. पुलाखाली दिवा लावावा म्हणून ४० सह्यांचा अर्ज दिला आहे. दिवा अजून लागलेला नाही. पाठपुरावा चालू आहे.

आमची सर्व विहार समित्यांना विनंती आहे. रविवारच्या वंदनेनंतर सभागृह एक तास मोकळे असते. तिथे चार सतरंज्या घालून, एखादी जाणकार शिक्षिका बोलावून मुलामुलींचा सराव सुरू करावा. आयांनाही त्यात घ्यावे. कोठे असा वर्ग चालू असेल तर आम्हांला जरूर कळवावे, या पानावर त्याची दखल घेऊ.

पुढील अंकात वसतिगृहाच्या प्रवेशाचे कागद कसे जमवावेत, याविषयी लिहू.

जयभीम! नमो बुद्धाय!